भोसरीच्या शेडमध्ये स्पोर्ट्स कार काढणाऱ्यांस

तर तुमचं ठरलंच आहे. भोसरी एमआयडीसीत शेड भाड्याने घेतलीत, जुनी लेथ आणलीत, चाकणच्या कारखान्यातून निवृत्त झालेले दोन फिटर गाठलेत आणि आता स्पोर्ट्स कार काढायची. उत्तम. इंजिनाचं नंतर बघू, आधी शत्रू निवडा.

शत्रू मोठाच हवा. निसानने जीटी-आर बनवताना थेट पोर्शे ९११ टर्बो समोर ठेवली होती. नवा मिसळवालासुद्धा गावातल्या सगळ्यात जुन्या मिसळीशीच तुलना करतो, कोपऱ्यावरच्या वडापावशी नाही.

मग घड्याळ. जर्मनीत न्युर्बुर्गरिंगला नॉर्डश्लाइफे नावाचा ट्रॅक आहे, रानातून चढत-उतरत जाणारा. एका फेरीचा आकडा तिथून आणल्याशिवाय तुम्हाला कोणी विचारणार नाही. पूर्ण फेरी २०.८३२ किलोमीटरची. पण २०१९ पर्यंत बहुतेक कंपन्या जी वेळ मिरवायच्या ती २०.६ किलोमीटरची असे. प्रेक्षागृहासमोरचा दोनशेवर मीटरचा सरळ तुकडा मोजायचाच नाही, असा रिवाज होता. आपण मात्र मीटरवरून रिक्षावाल्यांशी भांडतो.

आकडा आला की भांडण आपोआप येतं, आणि तेच तर हवं असतं. २००८ साली निसानने ७ मिनिटं २९ सेकंद जाहीर केले, तेही ९११ टर्बोच्या जवळपास निम्म्या किमतीच्या गाडीत. पोर्शेवाल्यांनी चक्क एक जीटी-आर विकत घेतली, आपला माणूस बसवून पळवली आणि सांगितलं, आमच्या हातात हिला ७ मिनिटं ५४ सेकंद लागतात. मग टायर कुठले होते, ड्रायव्हर कसा होता, यावर दोन्हीकडून खल झाला. यात जिंकलं कोण, ते सोडा. पोर्शेने पदरचे पैसे मोडून निसानची गाडी घेतली, यापेक्षा मोठी जाहिरात कुठली? तुमचाही शत्रू एक दिवस भोसरीत येऊन तुमची गाडी घेईल, अशी व्यवस्था करा. पैसे रोख घ्या.

सगळे आकडे खरेच सांगायचे, फक्त माप आपलं वापरायचं. पिकअप सांगायचा तर अमेरिकन रीत बरी: गाडी पहिली फूटभर सरकली, की मग घड्याळ सुरू. घोडे जर्मन मोजा. त्यांचा ‘पीएस’ ७३५.५ वॅटचा, इंग्रजी हॉर्सपॉवर ७४५.७ वॅटची, म्हणून बुगाटी व्हेरॉनचे १००१ घोडे इंग्रजीत ९८७ भरतात. वजन सांगताना पेट्रोल, ऑइल, पाणी काढून ठेवा. इटालियन कंपन्या याला ‘ड्राय वेट’ म्हणतात. आमच्याकडे डाएट सुरू केलेली मंडळीही घड्याळ, चष्मा काढूनच काट्यावर उभी राहतात.

किमतीबद्दल फार बोलू नका. स्वस्त असाल तर एका घोड्यामागे किती रुपये पडतात तो भागाकार छापा, महाग असाल तर कारागिरीवर बोला.

राहिली प्रतिष्ठा. फेरारीने ‘ला फेरारी’च्या ४९९ गाड्या काढल्या, त्याही आपल्या जुन्या, मर्जीतल्या गिऱ्हाइकांना विचारून. पुढे २०१६ मध्ये इटलीच्या भूकंपग्रस्तांसाठी आणखी एक बनवली आणि लिलावात तिचे ७० लाख डॉलर आले. माल आहे पण तुम्हाला मिळणार नाही, ही युक्ती. या एका विषयात पुण्याने फेरारीच्या गावाकडून, मारानेल्लोकडून, शिकण्यासारखं काही नाही.

एक व्यावहारिक गोष्ट तेवढी लक्षात ठेवा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशोबाने गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे गाडी त्यावरून अलगद जाते. आमच्या सोसायटीच्या फाटकातला गतिरोधक मात्र उरलेल्या डांबरातून सेक्रेटरींनी स्वतः उभा राहून करून घेतलाय. वीतभर उंच, हातभर रुंद. माझ्या स्कूटरचा स्टँडही त्याला घासतो. तुमच्या गाडीचं पोट जमिनीपासून जेमतेम बारा सेंटीमीटर असणार, तेव्हा ट्रायल आमच्याकडे नको.

बाकी पद्धत पारखलेली आहे. मी स्वतः कोथरूडला कर्वे पुतळ्यापासून डेक्कनपर्यंत स्कूटरवर साडेसहा मिनिटांची वेळ नोंदवली आहे. नळस्टॉपचा सिग्नल रिवाजाप्रमाणे धरलेला नाही. पेट्रोल भरायला थांबलो, तेही नाही. मेहुण्याचा विश्वास बसला नाही. रविवारी सकाळी माझीच स्कूटर घेऊन तो गेला आणि चौदा मिनिटं लागली म्हणून सगळ्यांना सांगत आला.

मी त्याला एवढंच विचारलं, हवा कितीची होती?