‘तुमच्या १८०० कॅलरींवर माझं वजन हललं नाही’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. रागाने लिहिली असलीत तरी सगळे आकडे दिलेत, म्हणून नीट उत्तर देता येतंय. इतर वाचकांसाठी थोडक्यात: वय ४२, उंची १६८ सेंमी, वजन ८२ किलो, हिंजवडीत बैठं काम. माझ्या लेखातलं गणित करून तुम्ही १८०० कॅलरी ठरवल्यात, दोन महिने पाळल्यात आणि काटा हलला नाही. ‘हे गोऱ्यांचं गणित, आमच्या आजोबांनी कधी कॅलरी मोजल्या नाहीत,’ असं म्हणून आता तुम्ही थेट १००० वर उतरणार आहात.

तसं करू नका. आधी हे १८०० आले कुठून ते बघू.

वय, उंची आणि वजनावरून खर्च काढणाऱ्या मिफ्लिन-सेंट जिओर सूत्राने तुमच्या शरीराला नुसतं पडून राहायला दिवसाला १६६५ कॅलरी लागतात. हालचालीचा खर्च धरायला हा आकडा एका गुणकाने गुणतात. रविवारी तळजाईच्या टेकडीवर जाता म्हणून तुम्ही ‘हलका व्यायाम’ निवडलात आणि १.३७५ ने गुणलंत. आले २२८९, त्यातून वजन उतरवायला ५०० वजा, म्हणजे तुमचे १८००. पण बैठ्या माणसाचा गुणक १.२ आहे, त्याने १९९८ येतात. फरक रोज २९० चा, आठवड्याला दोन हजारांवर. तुमच्या वजनाला सपाट रस्त्यावर किलोमीटरभर चालायला साधारण ६० कॅलरी लागतात. म्हणजे तो वरचा गुणक लावायचा तर आठवड्याला ३४ किलोमीटर चालायला हवं. तळजाईची एक फेरी, चढ धरून, ४०० ची मानली तरी रोजच्या वाट्याला साठसुद्धा येत नाहीत. हिंजवडीहून कोथरूडपर्यंत गाडीत अडकून आलेला माणूस दमतो, ते मला मान्य आहे. पण त्या दमण्यात कॅलरी खर्च होत नाहीत.

गोऱ्यांच्या गणिताबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. हे मी लेखात लिहायला हवं होतं, राहिलं. आपल्याच पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजन तेवढंच असलं तरी आपल्यात स्नायू कमी असतात, आणि स्वस्थ बसल्यावर चरबीपेक्षा स्नायूच जास्त खर्च करतात. म्हणून आपल्याकडचे पोषणतज्ज्ञ अशा आकड्यातून ५ टक्के कमी धरत आले आहेत. तसं केलं की तुमचे होतात १९००.

म्हणजे १८०० खाऊन तूट रोज जेमतेम १००. किलोभर चरबी साधारण ७७०० कॅलरींची, तेव्हा दोन महिन्यांत पाऊण किलो तरी उतरायला हवं होतं. तेही उतरलं नाही, आणि त्याचं कारण तुमच्या यादीतच दिसतं: ‘दोन पोळ्या, वाटीभर भाजी, आमटी, भात.’ यात तेल कुठे आहे?

गेल्या आठवड्यात फ्लॉवरची भाजी करताना मी तेलाची बरणी फोडणीच्या आधी आणि नंतर काट्यावर ठेवली. हाताच्या अंदाजाने ओतलं होतं, मला दोन चमचे वाटले. बरणी ३८ ग्रॅमने हलकी झाली होती. ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे ३४२, आणि पोळ्यांना लावायचं अजून बाकीच होतं. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल तर माणशी रोज ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या झाल्या. तळणीचं थोडं टाकून दिलं तरी तीनशेच्या आसपास. वर कोशिंबिरीतलं दाण्याचं कूट आहेच.

आणि आजोबा सदाशिव पेठेतून खडकीच्या कारखान्यात रोज सायकलने जायचे, हे तुम्हीच लिहिलंय. वरणावरचं तूप त्या रस्त्यावर जिरत होतं. त्यांना मोजायची गरजच नव्हती.

१००० ची मला खरोखर भीती वाटते. एवढी मोठी तूट चरबीबरोबर स्नायूही खाते, आणि ते आपल्यात आधीच कमी. शिवाय दहा-बारा दिवसांत रात्री डबे उघडले जातात, हे मी घरातच पाहिलंय. तुम्ही १५०० धरा, तेल मोजून. तूट रोज ४००, महिन्याला दीड किलो. त्यात प्रोटीन ८० ग्रॅमपर्यंत न्या: मटकीची उसळ, दही, पनीर, चालत असतील तर अंडी. वाटीभर पातळ वरणात पाच-सहा ग्रॅमच मिळतं, त्यावर विसंबू नका. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा, साखर खाली जाऊ शकते.

वजन रोज सकाळी पोट साफ झाल्यावर करा, पण बघा आठवड्याची सरासरी. रविवारी मिसळ खाल्ली की सोमवारी काटा किलोभर वर दिसू शकतो. ते मिठाने धरलेलं पाणी असतं. तीन आठवड्यांत सरासरी उतरली नाही तर १०० कमी करा, एकदम जास्त नको.

आणि आज घरातल्या तेलाच्या डब्यावर तारीख लिहून ठेवा. तो संपेल त्या दिवशी मला इथेच कळवा, मग आपण पुढचा आकडा ठरवू.