भरतीची वीज चोवीस तास? नाही

कोथरूडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘भरती-ओहोटी कधीच थांबत नाही, म्हणून तिची वीज चोवीस तास सारखी मिळते. सौर-पवनासाठी साठवणूक लागणारच नाही.’ पहिला तुकडा खरा, पुढचं सगळं चूक.

भरती-ओहोटीचं एक आवर्तन साधारण १२ तास २५ मिनिटांचं. पाणी वळताना प्रवाह जवळपास थांबतो. म्हणजे प्रवाहावर फिरणारी टर्बाइन दिवसातून तीन-चार वेळा गप्प. ही वेळही रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. संध्याकाळी सातला, घरोघरी दिवे-पंखे सुरू होतात तेव्हा, पाणी वाहतं असेलच असं नाही. त्यात अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरपूर वीज, अष्टमीच्या आसपास भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीला, बरीच कमी.

तिचा खरा गुण वेगळाच आहे: हे वेळापत्रक कित्येक वर्षं आधी मांडता येतं. ढग-वाऱ्याचं तसं जमत नाही, त्यामुळे ग्रिड सांभाळणाऱ्याला ही वीज हवीहवीशीच. पण साठवणूक लागतेच. आपल्याकडे घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प ते काम करतो: मागणी कमी असताना पाणी वर चढवायचं, वाढली की खाली सोडायचं.

मेसेजमधला बंधाऱ्याचा फोटोही कोकणातला नाही. तो फ्रान्समधला रान्स प्रकल्प, २४० मेगावॉटचा, १९६६ सालचा.