पावसाच्या सुट्टीला लिंक पाठवू नका

अतिवृष्टीचा इशारा आला, जिल्हाधिकाऱ्यांनी शाळांना सुट्टी जाहीर केली की पूर्वी पोरं घरात नाचायची. आता अर्ध्या तासात वर्गाच्या ग्रुपवर मेसेज येऊन पडतो. 'शाळा बंद, तास ऑनलाइन होतील, लिंक पाठवत आहोत.' आणि खाली पालकांचे हात जोडलेले इमोजी. माझं स्पष्ट मत आहे, ही लिंक पाठवू नये.

कोरोनात नाइलाज होता. 2020च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि जूनमध्ये नवं वर्ष मोबाइलवर सुरू झालं. शिक्षकांनी जीव तोडून शिकवलं, त्यांच्याबद्दल अवाक्षर नाही. पण घरोघरी ती शाळा चालवली आयांनी. माझा मुलगा तेव्हा पहिलीत. लिंक उघडायची मी, पासवर्ड टाकायची मी, कुकरची शिट्टी झाली की धावत येऊन माइक बंद करायची मी. मॅडमनी 'आवाज येतोय का?' विचारलं की सगळा वर्ग एका सुरात 'होऽऽ मॅऽडम' ओरडायचा आणि आमचा फोन हँग. आजी आपला चष्मा नेमका गणिताच्या तासाला, कॅमेऱ्यासमोर शोधायची. रात्री भांडी आवरली की वहीच्या पानांचे फोटो काढा, पीडीएफ करा, पाठवा. त्यातलं एक पान हटकून उलटं जायचं.

आणि हे घरात जास्तीचा फोन असणाऱ्यांचं झालं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंची दोन मुलं, फोन एकच, तोही सकाळी नवऱ्याबरोबर रिक्षावर जायचा. रात्री तो घरी येईपर्यंत ग्रुपवर दिवसभराचे मेसेज साचलेले. त्या मुलांना आधार झाला सह्याद्रीवरच्या 'टिलीमिली'चा. टीव्ही लावला की झालं, ना लिंक ना पासवर्ड. (मला तर ती मालिका आमच्या ऑनलाइन वर्गापेक्षा उजवी वाटायची, पण ते असो.)

आता मुख्य मुद्दा. 2020च्या जुलैमध्ये केंद्राने 'प्रज्ञाता' नावाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात पहिली ते आठवीसाठी दिवसाला 30 ते 45 मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रं सांगितली होती. शाळा महिनोन्‌महिने बंद असताना दोन पुरेशी होती, मग एका दिवसाच्या पावसासाठी सलग पाच तास कशाला? बाहेर धो धो कोसळतंय, लाइट ये-जा करतेय, बाबा शेजारच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगला. मुलगा आता मोठा झालाय. कॅमेरा बंद, नाव स्क्रीनवर, हजेरी लागली की स्वारी गेममध्ये. मॅडम बिचाऱ्या काळ्या चौकटींशी बोलत राहतात. त्यांनाही हे नको असणार, पण वरून आदेश.

दहावीवाल्यांचा पोर्शन राहतो हे मान्य, त्यांचे ठेवा एक-दोन तास. बाकीच्यांचा बुडालेला दिवस एखाद्या शनिवारी भरून काढा, पूर्वी काढायचेच की. छोट्यांना तर त्या दिवशी खिडकीत बसून पाणी कुठवर चढलं ते बघू दे, भजी खाऊ दे, भावंडांशी भांडू दे.

येत्या पालकसभेत मी हे बोलणार आहे. मागच्या वेळी एक बाबा म्हणाले, 'फी भरतो ना आपण, मग शिकवू दे की.' तर यावेळी सोबतीला कोणी असेल तर बरं. आणि तुमच्याकडे काय करतात पावसाच्या सुट्टीला, सांगा.