एरिक लिडेलला जागा कुणी दिली नव्हती

1924 च्या पॅरिस ऑलिंपिकला निघालेल्या बोटीत चढताना स्कॉटिश धावपटू एरिक लिडेलला कळलं की 100 मीटरची पहिली फेरी रविवारी, म्हणजे त्याच्या ख्रिस्ती श्रद्धेनुसार विश्रांतीच्या दिवशी आहे आणि मग एका सहकाऱ्याने त्याला आपली 400 मीटरची जागा दिली, अशी गोष्ट फिरते आहे. ती खरी नाही. वेळापत्रक त्याला काही महिने आधीच ठाऊक होतं. रविवारी धावायचं नाही हे ठरवून तो 200 आणि 400 मीटरच्या तयारीला लागला. 11 जुलै 1924 रोजी त्याने 47.6 सेकंदांत 400 मीटरचं सुवर्ण जिंकलं. त्याआधी 200 मीटरमध्ये कांस्य. आयत्या वेळच्या नशिबाची गोष्ट सांगून त्याची ती महिन्यांची मेहनत पुसू नका, ही विनंती. पुढच्याच वर्षी तो मिशनरी शिक्षक म्हणून चीनमध्ये, आपल्या जन्मगावी तिआनजिनला गेला.