जॉर्ज बर्न्स नुसता उभा राहायचा का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

अमेरिकन विनोदी नट जॉर्ज बर्न्सवरच्या माझ्या लेखावर तुम्ही इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आधी आभार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे. बर्न्स आणि त्याची बायको ग्रेसी ॲलन या जोडीतले सगळे हशे ग्रेसीचे होते, हा गृहस्थ शेजारी सिगार धरून नुसता उभा असायचा. ग्रेसी निवृत्त झाल्यावर त्याचे एकट्याचे कार्यक्रम पडले, त्यातच काय ते आलं. १९७६ चं ऑस्कर ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला सहानुभूतीपोटी मिळालं. आणि १९३९ ते १९७५ जो सिनेमात दिसलाच नाही, त्याच्या पडद्यावरच्या दीर्घ कारकिर्दीचं एवढं कौतुक कशाला?

घटना तुम्ही बहुतेक बरोबर मांडल्या आहेत. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला अजिबात पटत नाही.

हशे ग्रेसीचे होते हे बर्न्स स्वतःच आयुष्यभर सांगत आला. १९२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ती दोघं एकत्र आली तेव्हा विनोद त्याच्याकडे होते आणि प्रश्न तिच्याकडे. प्रेक्षक तिच्या प्रश्नांना हसायला लागले, त्याच्या उत्तरांवर गप्प बसायला लागले. त्यानं लगेच वाटणी उलटी केली. हे करणारा माणूस कोण होता, ते लक्षात घ्या. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधल्या गरीब ज्यू घरातला, बारा भावंडांतला नेथन बर्नबॉम. १९०३ मध्ये वडील गेले, आणि हा पोरवयातच पी-वी क्वार्टेट नावाच्या चौकडीबरोबर गुत्त्यांत, फेरीबोटींवर, रस्त्याच्या कोपऱ्यावर गाऊन पैसे मिळवू लागला. पुढे कितीतरी वर्षं व्होडविलच्या, म्हणजे गाणी-नाच-विनोदाच्या मिश्र कार्यक्रमांच्या रंगमंचाच्या, खालच्या पायरीवर तो गायला, नाचला, जोडीदार बदलले, नावं बदलली. एका नावानं पडलेल्याला एजंट पुन्हा उभं करत नाहीत म्हणून नाव बदलायचं, असं तो सांगायचा. अशा माणसाच्या हाती विनोदी नट होण्याची संधी आली, आणि हशा शेजारच्या मुलीला मिळतोय हे कळताच त्यानं सगळे विनोद तिला देऊन टाकले. व्होडविलमध्ये हशा हीच कमाई होती. ती सोडायला किती स्वच्छ कान आणि किती मोठं मन लागलं असेल!

आता 'नुसता उभा' याबद्दल. जोडीदाराच्या विनोदाला गंभीर चेहऱ्यानं प्रश्न पुरवायचे, या कामाला व्होडविलमध्ये स्ट्रेट मॅन म्हणत. १९२९ च्या 'लँबचॉप्स' या व्हायटाफोनच्या छोट्या बोलपटात या जोडीचा रंगमंचावरचाच प्रवेश टिपलेला आहे. त्यातला प्रसिद्ध टप्पा असा: प्रेम आवडतं का, नाही. चुंबन आवडतं का, नाही. मग आवडतं तरी काय? लँब चॉप्स. तो विचारतो, एवढीशी तू, दोन मोठे चॉप्स एकटे खाशील? ती म्हणते, छे, एकटे कसे, सोबत बटाटे असतील तर खाईन. वाचताना विनोद तिचा वाटतो. पण त्याच्या प्रश्नातला 'एकटे' जरा जोरात पडला, तर सापळा आधीच दिसतो आणि हशा मरतो. हळू पडला, तर तिचं उत्तर अधांतरी राहतं. तो शब्द अगदी सहज जावा लागतो, आणि तिचं उत्तर आल्यावर प्रेक्षकाला हसायला जेवढा वेळ हवा तेवढाच द्यावा लागतो. सिगार त्यासाठी होता. हशा चालू असेपर्यंत ओढायची, ओसरायला लागला की पुढचं वाक्य.

पोवाड्यातला झीलकरी आठवा. शाहिराची ओळ उचलून धरणारा तो सुरात आणि वेळेवर नसेल, तर शाहीर कितीही तयारीचा असो, पोवाडा उभा राहत नाही. बर्न्स ग्रेसीचं वाक्य प्रश्न करून तिलाच परत द्यायचा, तेव्हा तो हेच काम करत होता.

आणि तो फक्त उभाच राहू शकत होता असं म्हणणाऱ्यानं १९३७ चा 'अ डॅमसेल इन डिस्ट्रेस' बघावा. त्यात फ्रेड अस्टेअरबरोबर ही दोघं छोट्या झाडण्या हातात घेऊन नाचतात. अस्टेअरच्या शेजारी नाचताना ओशाळं न दिसणं हीच केवढी परीक्षा! व्होडविलमध्ये घासलेले पाय होते ते.

छत्तीस वर्षांच्या गैरहजेरीचा मुद्दा मला सगळ्यात कच्चा वाटतो, कारण पडदा म्हणजे फक्त सिनेमाचा असं तुम्ही धरून चालला आहात. १२ ऑक्टोबर १९५० ला सीबीएस या अमेरिकन टीव्ही वाहिनीवर बर्न्स-ग्रेसीचा कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ पर्यंत त्याचे २९१ भाग झाले. पहिली दोन वर्षं दर पंधरवड्याला, थेट प्रक्षेपण. या कार्यक्रमात बर्न्सनं जे केलं ते आजही ताजं वाटतं. गोष्ट चालू असताना तो बाजूला येतो आणि थेट प्रेक्षकांशी बोलतो, घरात कोण काय घोटाळा करून ठेवतंय ते सांगतो, पुन्हा आत शिरून त्याच गोष्टीतला नवरा होतो. नंतरच्या भागांत तर तो आपल्या खोलीत बसून, स्वतःच्याच कार्यक्रमातली बाकीची मंडळी काय करताहेत, ते टीव्हीवर बघतो. १९५३ मध्ये शेजारच्या हॅरी मॉर्टनचं काम करणारा नट बदलायचा होता. बायको ब्लँच हॅरीला मारायच्या तयारीत उभी असताना बर्न्सनं प्रवेश थांबवला, नवा नट लॅरी कीटिंग याची प्रेक्षकांशी आणि ब्लँचशी ओळख करून दिली, आणि प्रवेश जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू केला. आज कुणी असं केलं तर आपण त्याला धाडसी प्रयोग म्हणू. बर्न्सला ते अवघड गेलं नाही, कारण व्होडविलमध्ये प्रेक्षक समोर बसलेला असायचा आणि त्याच्याशी बोलायची सवय हाडीमाशी भिनलेली होती. टीव्हीचा पडदा हे छोटं थिएटर आहे हे त्यानं फार लवकर ओळखलं. त्याला 'गैरहजर' कसं म्हणायचं?

आता तुमचा खरा वजनदार मुद्दा. १९५८ मध्ये प्रकृतीमुळे ग्रेसी थांबली. बाकी सगळी मंडळी तीच ठेवून काढलेला 'द जॉर्ज बर्न्स शो' एका हंगामात संपला. ग्रेसी ऑगस्ट १९६४ मध्ये गेली. त्याच वर्षी आलेला 'वेंडी अँड मी' हाही एकच हंगाम चालला. तुम्ही म्हणता, ही त्याची खरी पात्रता. मला यातून उलटंच दिसतं. ऐकून घेण्यात ज्याची कला आहे, त्याला ऐकायलाच कुणी नाही अशी ती वर्षं होती. जोडीनंच करायचं काम एकट्यानं करायला लावून त्याची किंमत ठरवणं मला योग्य वाटत नाही.

याचा पुरावा 'द सनशाइन बॉइज' देतो. नील सायमनच्या नाटकावरचा, हर्बर्ट रॉसनं दिग्दर्शित केलेला १९७५ चा चित्रपट. अल लुइसचं काम मुळात बर्न्सचा जिवलग मित्र जॅक बेनी करणार होता. डिसेंबर १९७४ मध्ये बेनी कर्करोगानं गेला आणि काम बर्न्सकडे आलं. त्याच वर्षी बर्न्सच्या हृदयावर बायपास शस्त्रक्रिया झालेली होती, वय अठ्ठ्याहत्तर. मित्राची जागा घ्यायची, तीही अशा गोष्टीत जिथे दोन म्हातारे व्होडविल नट वर्षानुवर्षांच्या अबोल्यानंतर पुन्हा एकत्र येतात!

वॉल्टर मॅथाउचा विली आरडाओरडा करतो, हातवारे करतो, चिडतो. समोर बर्न्स शांत. विलीच्या घरी तालमीसाठी खुर्च्या-टेबलं हलवण्यावरून दोघं भांडतात तो प्रवेश पुन्हा बघा, आणि या वेळी नजर फक्त बर्न्सवर ठेवा. तो मॅथाउला किती वेळ देतो, कुठे डोळे उचलतो, कुठे मुद्दाम उचलत नाही. हे तेच काम, जे त्यानं ग्रेसीसाठी कितीतरी वर्षं केलं होतं. ऐकायला माणूस मिळाला आणि नट पुन्हा जागा झाला.

याच कामासाठी मिळालेल्या ऑस्करमध्ये सहानुभूती मुळीच नसेल असं मी म्हणत नाही. पण त्या वर्षी सहाय्यक अभिनेत्याच्या त्याच गटात ब्रॅड डूरिफ, बर्जेस मेरेडिथ, ख्रिस सरँडन आणि जॅक वॉर्डन होते. मैदान रिकामं नव्हतं.

'ओह, गॉड!' मालिकेबद्दल मात्र मी तुमच्याच बाजूचा आहे. १९७७ चा पहिला चित्रपट गोड आहे. टेनिस शूज घातलेला, साध्या आवाजात बोलणारा देव बर्न्सला शोभतो. पुढचे दोन नसते तरी चाललं असतं.

तरीही तुमच्या प्रतिक्रियेत १९७९ च्या 'गोइंग इन स्टाइल'चा उल्लेख नाही, आणि ही उणीव मला सर्वांत जास्त खटकली. मार्टिन ब्रेस्टच्या या चित्रपटात न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातले तीन म्हातारे कंटाळून बँक लुटायचं ठरवतात. बर्न्सच्या शेजारी आर्ट कार्नी आहे आणि ली स्ट्रासबर्ग आहे. स्ट्रासबर्ग म्हणजे ॲक्टर्स स्टुडिओचे गुरू, नटांच्या पिढ्या घडवणारा माणूस. त्याच्या शेजारी बाकावर बसलाय तो शाळा अर्धवट सोडलेला, गुत्त्यांत गाऊन शिकलेला बर्न्स, आणि दोघांच्या अभिनयात कुठे सांधा दिसत नाही. त्यात एक प्रवेश आहे. बर्न्सनं रंगवलेला, जो नावाचा म्हातारा घरात जुने फोटो काढून बघत बसतो, रडू लागतो, आणि मग त्याच्या लक्षात येतं की आपल्याला लघवी झाली आहे. इथे शेजारी ग्रेसी नाही, मॅथाउ नाही, विनोद नाही. त्र्याऐंशी वर्षांचा नट म्हातारपणाची लाज कॅमेऱ्यासमोर एकही वाक्य न बोलता उघडी करतो. हा माणूस अभिनेता नव्हता असं हा प्रवेश पाहिलेला कुणी म्हणेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

ग्रेसीवर स्वतंत्र लिहा अशी तुमची सूचना आहे, ती मला मनापासून मान्य आहे. तिच्या विनोदाला 'वेडगळ' म्हणून मोकळं होणारे फार आहेत, त्यामागची शिस्त बघणारे थोडे. बर्न्सची हरकत नसती. फॉरेस्ट लॉन या दफनभूमीत जिथे दोघांना ठेवलं आहे, तिथल्या फलकावरही ग्रेसीचं नाव आधी आहे आणि त्याचं नंतर.

तोवर एक विनंती. 'गोइंग इन स्टाइल' बघा, १९७९ चाच. २०१७ मध्ये याच नावानं नव्या नटांना घेऊन पुन्हा एक चित्रपट निघाला आहे, तो चुकून लावू नका. बघून झाल्यावर तुमचं मत बदललं नाही, तर तेही इथेच लिहा. मी उत्तर देईन.