बसथांब्यावर उभं असलेलं पोर

गेल्या जानेवारीत आमच्या घरच्या ग्रुपवर थंडीवरून चांगलीच जुंपली. निफाडकडं पारा पाच-सहा अंशांवर उतरला होता. धाकटी बहीण तिथल्या एका शाळेत पाचवी ते सातवीला शिकवते, आणि तिची सकाळची पाळी सात वाजून दहा मिनिटांनी भरते. पालकांनी मागणी केली की शाळा उशिरा भरवा, नाहीतर दोन-चार दिवस बंदच ठेवा. त्यावर काकांनी लिहिलं, "सहा अंशाला कसली सुट्टी? आपल्या संजूला विचारा, तिकडं उणे तीसला पोरं शाळेत जातात."

संजू म्हणजे मी. अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसला राहतो. माझा दाखला देऊन बहिणीला गप्प बसवलेलं मला अजिबात रुचलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आधी एक दुरुस्ती. उणे तीसला इथंही शाळा बंद असतात. मी २०१३ च्या ऑक्टोबरात आलो आणि पहिल्याच हिवाळ्यात, ६ जानेवारी २०१४ ला, गव्हर्नर मार्क डेटन यांनी थंडीमुळे राज्यभरातल्या सरकारी शाळा बंद ठेवल्या. त्याआधी असा आदेश १९९७ मध्ये निघाला होता. पुढं २०१९ च्या जानेवारीअखेरीस राज्याचा आदेश नव्हता, पण आमच्या शहरासकट कितीतरी ठिकाणच्या शाळांनी आपणहून सुट्टी दिली. ३० तारखेला पहाटे उणे ३३ अंश होतं. त्या दिवशी टपाल खात्यानंसुद्धा इथलं वाटप थांबवलं.

उणे वीसला मात्र शाळा रोजच्यासारखी भरते. इथं नुसता पारा बघत नाहीत, वारा धरून अंगाला किती गार लागेल ते बघतात. त्याला विंडचिल म्हणतात. तो आकडा उणे ३५ फॅरनहाइटच्या, म्हणजे उणे ३७ सेल्सियसच्या आसपास गेला की शाळांचे अधिकारी बंदचा विचार सुरू करतात, कारण तेवढ्या गारठ्यात उघड्या कातडीला दहा मिनिटांत हिमदंश होऊ शकतो.

ती दहा मिनिटं काय असतात ते मी पाहिलंय. मुलगी दुसरीत होती. विंडचिल उणे तीस फॅरनहाइटच्या जरा अलीकडं होतं, शाळा चालू होती. बस यायला वीस मिनिटं उशीर झाला. कडाक्याच्या थंडीत डिझेल गोठायला लागतं, इंजिनं सुरू होत नाहीत, त्यामुळे असं होतं. घर समोरच, पण "आता येईल, आता येईल" करत आम्ही थांबलो. दप्तराची चेन अडकली म्हणून तिनं एक हातमोजा काढला आणि तो बर्फात पडून ओला झाला. घरी आणलं तेव्हा तिच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या आणि दोन बोटांची टोकं मेणबत्तीच्या मेणासारखी दिसत होती. "दुखतंय का गं?" विचारलं तर म्हणाली, "नाही बाबा, काहीच वाटत नाही." त्या उत्तरानं माझ्या पोटात गोळा आला. कोमट पाण्यात बोटं धरली, जाण परत यायला लागली तेव्हा कुठं ती रडली. बोटं वाचली, पण तो पांढरा रंग अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

त्यामुळे २०१९ च्या त्याच लाटेत केंटकी राज्याचे गव्हर्नर मॅट बेव्हिन रेडिओवर म्हणाले की आपण मऊ पडत चाललोय, बर्फ नाही काही नाही आणि शाळा बंद करताय, तेव्हा मला राग आला. काकांचं म्हणणंही त्याच जातीचं आहे. पोरांनी कणखर व्हावं हे मलाही वाटतं. पण १२ जानेवारी १८८८ ला याच मैदानी मुलखात काय झालं ते इथल्या लोकांना ठाऊक आहे. सकाळ उबदार होती, पोरं पातळ कपड्यांत शाळेत गेली, आणि अचानक हिमवादळ आलं. सुमारे २३५ माणसं गेली. त्यांत शाळेतून घरी निघालेली कितीतरी मुलं होती, आणि ती शेतकऱ्यांची, भरपूर कणखर मुलं होती.

तरीही सरसकट शाळा बंद करावी असं मी म्हणणार नाही, आणि त्याला कारण आमची सोमाली शेजारीण. वृद्धाश्रमात काम करते, तीन मुलं. शाळा बंद म्हणजे तिची पाळी बुडाली, पाळी बुडाली म्हणजे पैसे बुडाले. ज्यांना घरून काम करता येतं त्यांना तो दिवस सुट्टीसारखा जातो, तिला नाही. मिनेसोटात २०२३ पासून शाळेत सगळ्यांना न्याहारी आणि जेवण मोफत मिळतं. शाळेला कुलूप लागलं की तेही गेलं. त्या दिवशी तिची मुलं आमच्याकडे वरणभात जेवली, पण प्रत्येक घराला शेजार असतोच असं नाही.

कॅनडात विनिपेगला थंडीमुळे बस बंद करतात, शाळेचं दार मात्र सहसा उघडं ठेवतात. ज्याला पोराला आणून सोडता येईल त्यानं सोडावं, आत ऊब आहे, शिक्षक आहेत. मला तेच बरोबर वाटतं. थांब्यावर कुणी गोठायला नको आणि घरी एकटं, उपाशीही कुणी राहायला नको.

आता निफाड. वाद पेटल्यावर बहिणीचा फोन आला. म्हणाली, "दादा, तुझ्याकडं वर्गात किती असतं रे?" मी म्हटलं, वीस-एकवीस. ती म्हणाली, "आमच्याकडं बाहेर सहा असतं तेव्हा आतही जवळपास तेवढंच असतं. वर पत्रा, खाली फरशी. निम्मी पोरं चपलेवर येतात. हात काखेत घालून बसलेल्या पोरांना मी लिहा कसं म्हणू?" तिथं द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागांमधून शेकोट्या पेटवतात. बाग राखायला आईबाप रात्रीच गेलेले असतात, म्हणून तिच्या वर्गातली काही मुलं स्वतःच उठून, न खाता शाळेत येतात.

माझ्या मुलीच्या शाळेबाहेरच्या उणे वीसपेक्षा हे सहा अंश जास्त गार आहेत, काका. आणि तिथं शाळा बंद केली तर खिचडीही बंद. उपाय वेळेचा आहे. ८ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयानं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायला सांगितले. पाचवीतलं दहा वर्षांचं पोर काही वेगळ्या कातडीचं नसतं. निदान डिसेंबर-जानेवारीत त्यालाही ती सवलत द्या, आणि लाट आली की वेळ बदलायचा अधिकार मुख्याध्यापकांना द्या. वरून आदेश येईपर्यंत थंडी ओसरलेली असते. इथं तो निर्णय शक्यतो आदल्या संध्याकाळीच होतो, म्हणजे आईबापांना रात्रभर तजवीज करता येते.

बहीण कुणाची वाट बघत बसली नाही. पहिल्या दोन तासिका ती मैदानात, पूर्वेच्या भिंतीला पाठ लावून घेते. नऊ वाजता पत्रा तापायला लागला की सगळी आत जातात.