कोल्ह्यांवरचा तो फॉरवर्ड

जानेवारी उजाडला की लंडनमधल्या आमच्या मराठी ग्रुपांत एक लांबलचक मेसेज हमखास फिरू लागतो. वर तीन लाल त्रिकोण, खाली ‘सर्वांना पाठवा’. मधल्या मजकुराचं सार असं: बागेत येणारे कोल्हे रेबीज पसरवतात, मांजरं आणि तान्ही मुलं उचलून नेतात, रात्री किंचाळतात ते भुकेने पिसाळून, काउन्सिलला, म्हणजे इथल्या पालिकेला, कळवलं की त्यांना पकडून जंगलात सोडणं काउन्सिलवर बंधनकारक आहे, आणि तोवर कुंपणापाशी डांबरगोळ्या नि फिनेल टाका. यंदा तो मला चौघांकडून आला, त्यातल्या एक डॉक्टर. हॅरोच्या बाजूला आमच्या मागच्या बागेत गेली सात वर्षं कोल्हे येतात, तेव्हा एकदाचं लिहून टाकते.

आधी नावाचं. गावाकडे ज्याची कोल्हेकुई उसाच्या फडातून ऐकू येते तो कोल्हा म्हणजे इंग्रजीतला जॅकल. फॉक्सला आपल्याकडे खोकड म्हणतात, माळरानावरचं लहानखुरं, करड्या रंगाचं जनावर. लंडनमध्ये हिंडतो तो तांबडा कोल्हा, या खोकडाचा थोराड भाऊबंद. इथे कुणीच खोकड म्हणत नाही, म्हणून मीही कोल्हाच म्हणते. पण मेसेजमधली निम्मी भीती गावच्या कोल्ह्याची आहे, हे लक्षात असू द्या.

रेबीजचंच बघा. महाराष्ट्रात पिसाळलेला कोल्हा गावात शिरून माणसांना चावल्याच्या बातम्या येतात आणि त्या खऱ्या असतात. तिथे ही भीती हवीच. ब्रिटनमधून मात्र कुत्र्यांमधला रेबीज 1922 मध्येच हद्दपार झाला, आणि इथल्या कोल्ह्यांमध्ये तो नाही. काही वटवाघळांत त्याच्या जातकुळीचा विषाणू सापडतो, तेवढा अपवाद. युरोपच्या मुख्य भूमीवर कोल्ह्यांमध्ये रेबीज होता, आणि तो कसा घालवला ते ऐकण्यासारखं आहे. रानातल्या कोल्ह्याला सुई टोचणार कोण? स्वित्झर्लंडने 1978 पासून कोंबड्यांच्या मुंडक्यांत लशीची पुडी घालून ती रानात पेरली. कोल्ह्यांनी ती आपसूक खाल्ली आणि साधारण वीस वर्षांत देश रेबीजमुक्त झाला. मेसेजमध्ये ज्यांची धास्ती घातलीय ती पोटातली 14 इंजेक्शनंही भारतात केव्हाच बंद झाली. कोल्हा चावलाच तर जखम साबणाने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा, हे कुठल्याही जनावराच्या चाव्याला लागू आहे. आणि सुट्टीत पुण्याला गेल्यावर कुत्रं चावलं तर ‘लंडनला परतल्यावर बघू’ असं कृपा करून म्हणू नका. खरा धोका तिथे आहे.

इथल्या कोल्ह्यांना जो रोग खरोखर छळतो तो म्हणजे लूत. 1994 मध्ये ब्रिस्टल शहरात तिची साथ आली आणि दोनेक वर्षांत तिथले 95 टक्क्यांहून अधिक कोल्हे गेले. लूत कुत्र्यालाही लागू शकते. केस झडलेला कोल्हा दिसला तर कुत्रं असणाऱ्यांनी जरूर काळजी घ्यावी. मेसेजमध्ये याबद्दल एक अक्षर नाही.

मुलांचं म्हणाल तर तो मुद्दा मी उडवून लावणार नाही. 2010 मध्ये हॅकनीत नऊ महिन्यांच्या जुळ्या बाळांना घरात शिरलेल्या कोल्ह्याने चावलं होतं, आणि 2013 मध्ये ब्रॉमलीत एका तान्ह्या बाळावर हल्ला झाला होता. दोन्ही घटना खऱ्या आहेत. फक्त मेसेजमध्ये त्या दर वर्षी ‘गेल्याच आठवड्यात’ घडतात. इंग्लंडमध्ये कुत्र्याच्या चाव्यांमुळे वर्षाला सात हजारांहून अधिक वेळा लोकांना इस्पितळात दाखल करावं लागतं, त्याचा फॉरवर्ड मला अजून आलेला नाही. बाळ तळमजल्यावर झोपलेलं असेल तर बागेकडचं दार उघडं टाकू नका, हे मात्र मीही सांगेन.

मांजराची गोष्ट वेगळी. कोल्हा पाच-सात किलोचा, धष्टपुष्ट बोका त्याहून फार कमी नाही, वर नख्या धारदार. आमच्या शेजारचा बोका शेडच्या छपरावर बसून राहतो आणि कोल्हाच वाट वाकडी करून जातो. आजारी मांजर किंवा पिल्लू क्वचित बळी पडतं, पण एरवी कोल्ह्याचं पोट गांडुळं, भुंग्यांच्या अळ्या, उंदीर, पडलेली सफरचंदं आणि आपलं उष्टं यांवर भरतं. कोल्हा काकडीला राजी, हे इथेही खरं. कोंबड्या आणि ससे पाळणाऱ्यांनी मात्र घाबरावंच. साध्या कोंबडीजाळीला तो दाद देत नाही, जाड वेल्डमेश (सांधे जोडलेल्या तारांची जाळी) लागते आणि ती खाली जमिनीतही गाडावी लागते. एका रात्रीत सगळ्या कोंबड्या मारतो म्हणून त्याला क्रूर म्हणतात. पण रानात भक्ष्य पळून जातं. खुराड्यात ते कुठे पळणार? जमेल तेवढं मारून नंतरसाठी पुरून ठेवायचं, ही त्याची खोड.

आता किंचाळणं. माझी आई पहिल्यांदा आली ती जानेवारीत. रात्री दोन वाजता मला हलवून म्हणाली, “अगं ऊठ, बाहेर कुणीतरी बाईला मारतंय. पोलिसांना फोन कर.” आवाज तसाच असतो, तिचं काही चुकलं नव्हतं. पण त्यात भूकही नसते नि पिसाळणंही. डिसेंबर ते फेब्रुवारी हा त्यांचा विणीचा हंगाम, आणि मादी वर्षातून एकदाच, जेमतेम तीन दिवस माजावर असते. तेवढ्यात नराला हाक पोचवायची, दुसऱ्यांना हुसकवायचं, तर गळा काढावाच लागणार. पुढे सुमारे 52 दिवसांनी, मार्चच्या आसपास, पिल्लं होतात. आई आता मजेत विचारते, “झालं का गं त्यांचं लग्न?”

काउन्सिलला फोन मी स्वतः केला होता, पहिल्या वर्षी. पलीकडच्या बाईंनी नम्रपणे सांगितलं की कोल्हे हटवणं हे काउन्सिलचं कायदेशीर काम नाही. नंतर कळत गेलं की पकडून दूर सोडणं हा उपायच नव्हे. अनोळखी इलाख्यात सोडलेल्या कोल्ह्याला तिथले कोल्हे राहू देत नाहीत. तो उपाशी मरतो किंवा रस्त्यावर गाडीखाली येतो. इकडे त्याची रिकामी झालेली जागा बघता बघता दुसरा धरतो. आणि ‘जंगलात’ म्हणजे कुठे? 1930 च्या दशकापासून, मोठ्या बागांची सेमी-डिटॅच्ड (एका भिंतीने जोडलेली) घरं पसरली तसा हा प्राणी उपनगरांत वसला. आपण आलो त्याच्या कितीतरी आधी.

डांबरगोळ्या, फिनेल, डिझेल: जनावर हुसकवायला मान्यता नसलेला पदार्थ वापरणं इथे बेकायदा आहे. विष घालणं तर गुन्हाच. लॉन खणलं जात असेल तर हाडांच्या चुऱ्याचं खत बंद करून बघा. त्या वासाने त्याला वाटतं की खाली काहीतरी पुरलंय. आमच्याकडे एवढ्यानेच खड्डे थांबले.

एक गोष्ट मेसेज सांगत नाही, कारण ती आपल्याच अंगावर येते. उरलेली चिकन करी बागेत ठेवणारे आपल्यात कमी नाहीत. हाताने भरवलेला कोल्हा पुढे शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरतो, आणि मग तक्रार कोल्ह्याची होते. पितृपक्षात आम्हीही पान ठेवतो. तीन वर्षं कावळा शिवायच्या आत कोल्हाच वडा घेऊन गेला. आता दिवसाढवळ्या ठेवतो आणि काठी घेऊन शेजारी उभे राहतो.

सात वर्षांत आमचं खरं नुकसान एकच झालं. बर्लिनमध्ये 2020 साली एका कोल्ह्याने शंभरावर पादत्राणं जमवलेली सापडली होती; चामडं नि रबर चघळायला त्यांना आवडतं. आपली दाराबाहेर चपला काढायची सवय. आमच्या कोल्ह्याने त्यातली नेमकी कोल्हापुरी नेली, तीही डाव्या पायाचीच. उजवी अजून मागच्या दारात आहे, आई म्हणते टाकू नकोस, आणून देईल.